चारी दिशा एका चित्रात

मनुष्याच्या दृष्टीला निर्मात्याने एक मर्यादा घालून दिली आहे. समोरचे पाहावे तर पाठीमागचे दिसत नाही. आकाशाकडे मान वळवावी तर पायाखालची वाट दृष्टीआड होते. देवळाच्या मध्यभागी उभा असलेला भाविक वेदीकडे पाहतो, तेव्हा गायनवृंदाचा सज्जा त्याच्या पाठीशी असतो, लाकडी तुळया डोक्यावर असतात आणि वाडवडिलांच्या थडग्यांच्या शिळा पायांखाली असतात. हे सारे एकाच वेळी, एकाच जागेवरून पाहावयास मिळावे अशी इच्छा माणसाला फार दिवसांपासून आहे, आणि ती पुरी करण्यासाठी चित्रकारांनी, शास्त्रज्ञांनी व कारागिरांनी सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ खटपट केली आहे.

त्या खटपटीचे आजचे फळ म्हणजे पूर्णवर्तुळ छायाचित्र होय. ह्या चित्राला चौकट नसते. पाहणारा जणू एका पोकळ गोलाच्या मध्यभागी उभा असतो. वाटेल तिकडे वळावे, वर पाहावे, खाली पाहावे, चित्र कोठेही संपत नाही. असे चित्र घेण्यासाठी जे भिंग वापरतात त्याला 'मत्स्यनेत्र भिंग' म्हणजे माशाच्या डोळ्याचे भिंग म्हणतात. ते काय आहे, कसे चालते, आणि आपल्यासारख्या खेड्यांतील कुटुंबांना त्याचा काय उपयोग, ह्याचा थोडा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडू इच्छितो. हा विचार केवळ मौजेचा नाही. आपली जुनी देवळे आणि जुनी घरे आपल्या डोळ्यांदेखत पालटत आहेत. त्यांची आठवण कशी राखावी हा प्रश्न ह्याच पिढीने सोडवावयाचा आहे.

लंडनची गोल इमारत

पूर्णवर्तुळ चित्राचा जनक रॉबर्ट बार्कर नावाचा चित्रकार. एडिंबरो शहराजवळच्या टेकडीवरून दिसणारा देखावा चोहोबाजूंनी रंगवावा अशी कल्पना त्याला सुचली आणि १७८७ साली त्याने तिचे पेटंट घेतले. ह्या प्रकारास पुढे 'पॅनोरमा' हे नाव पडले. हा शब्द दोन ग्रीक शब्दांचा जोड आहे: एकाचा अर्थ 'सर्व' आणि दुसऱ्याचा 'दृश्य'. १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ बार्करने खास ह्याच कामासाठी एक गोल इमारत उघडली. आतील गोल भिंतीवर अखंड चित्र, मध्यभागी उंच ओटा, आणि त्या ओट्यावर प्रेक्षक. उजेड वरून येई, पण कोठून येतो ते प्रेक्षकास दिसत नसे. चित्राची वरची कड व खालची कड हीदेखील युक्तीने झाकलेली असे. सारी किमया ह्या झाकण्यात होती. कारण कड दिसली की 'हे चित्र आहे' अशी मनाला आठवण होते.

ही इमारत सत्तर वर्षे लोकांचे रंजन करीत होती. १८६३ साली ती बंद पडली. पुढे तिचे काय झाले हे ऐकून आमच्या वाचकांना आश्चर्य वाटेल. १८६५ साली मेरिस्ट संघाच्या धर्मगुरूंनी लंडनमधील फ्रेंच कॅथलिकांसाठी ती जागा विकत घेतली आणि १८६८ साली तेथे 'नोत्र दाम द फ्रांस' हे ख्रिस्तमंदिर उभे राहिले. मूळ इमारतीचा गोल आकार त्यांनी राखला. १९४० साली दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात ते मंदिर जबर मोडले. परंतु १९५० नंतरच्या दशकात ते पुन्हा बांधले गेले, आणि तेही गोलच. जेथे लोक पूर्वी पैसे देऊन दूरदूरच्या शहरांचे देखावे पाहावयास जमत, तेथे आज भाविक वेदीभोवती जमतात.

छायाचित्रकला १८३९ साली जगापुढे आली आणि थोड्याच वर्षांत छायाचित्रकारही चोहोबाजूंच्या दृश्यामागे लागले. फेलिचे बेआतो ह्या छायाचित्रकाराने १८५८ साली दिल्लीच्या जामा मशिदीवरून शहराची चित्रे एकापुढे एक घेतली आणि ती शेजारी शेजारी लावून विस्तृत देखावा तयार केला. नंतर १९०४ साली अमेरिकेत 'सर्कट' नावाच्या कॅमेऱ्याचे पेटंट झाले. हा कॅमेरा चावीच्या यंत्रावर स्वतःभोवती फिरे आणि आत फिल्म त्याच वेगाने एका फटीमागून सरके. शाळांची व मेळाव्यांची लांबच लांब चित्रे ह्याच कॅमेऱ्याने घेत असत. एखादा खट्याळ मुलगा रांगेच्या एका टोकाला उभा राही, कॅमेरा पुढे वळला की मागून धावत दुसऱ्या टोकाला जाई, आणि एकाच चित्रात दोनदा हसताना सापडे! परंतु ह्या सर्व चित्रांत एक उणीव होती. त्यांत दिशा चारही असत, पण डोक्यावरचे छत व पायांखालची भूमी नसे. ती उणीव माशाच्या डोळ्याने भरून काढली.

पाण्याखालून दिसणारे जग

विहिरीच्या तळाशी असलेल्या माशाला वरचे जग कसे दिसत असेल? हा पोरकट वाटणारा प्रश्न अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रॉबर्ट वुड ह्यांनी मनावर घेतला. पाण्यात तिरकी घातलेली काठी वाकडी दिसते हे आपण सर्व जाणतो. प्रकाशाचा किरण हवेतून पाण्यात शिरताना आतल्या बाजूस वळतो, म्हणून असे होते. पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ लगटून येणारा किरणदेखील आत शिरताच खाली वळतो. उभ्या रेषेशी त्याचा कोन सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंशांचा होतो, त्याहून अधिक नाही. म्हणून माशाने वर पाहिले असता क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे आकाश, काठावरची झाडे, पाणी भरणारी माणसे, हे सर्व सुमारे सत्त्याण्णव अंशांच्या एका गोल खिडकीत एकवटलेले त्याला दिसते.

वुड ह्यांनी पाण्याने भरलेल्या पात्रात छायाचित्राची काच ठेविली, वरून उजेड येण्यासाठी बारीक छिद्र ठेविले, आणि माशाच्या दृष्टीचे चित्र प्रत्यक्ष घेऊन दाखविले. १९०६ साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला व अशा दृश्यास 'माशाच्या डोळ्याचे दृश्य' असे नाव दिले. ते नाव आजतागायत टिकून आहे.

पाण्याचे भांडे घेऊन हिंडणे अर्थात सोयीचे नव्हते. पाण्याचे काम काचेकडून करून घेण्याचा मान इंग्लंडातील रॉबिन हिल ह्या तरुण शास्त्रज्ञाकडे जातो. ढगांचा अभ्यास करण्यासाठी संपूर्ण आकाश एका चित्रात यावे म्हणून त्यांनी एक भिंग योजिले आणि लंडनच्या बेक कंपनीने ते १९२३ च्या सुमारास बनविले. वनस्पतीची हिरवी पाने सूर्यप्रकाशात प्राणवायू कसा सोडतात ह्यावर पुढे ज्यांनी मोलाचे संशोधन केले, तेच हे हिल. १९३८ साली जपानच्या निकॉन कंपनीनेही आकाशाची चित्रे घेण्यासाठी असे भिंग तयार केले, आणि १९६२ साली साध्या कॅमेऱ्याला लावता व काढता येईल असे आठ मिलिमीटरचे मत्स्यनेत्र भिंग तिने बाजारात आणले. ढग मोजण्यासाठी जन्मलेले साधन अशा रीतीने सामान्य छायाचित्रकाराच्या हाती आले.

सरळ रेषेचा त्याग

आता कोणी विचारील, साध्या भिंगाने चारी बाजूंचे चित्र का घेता येऊ नये? ह्याचे उत्तर खिडकीच्या उदाहरणाने देता येईल. साध्या भिंगाचे चित्र म्हणजे सपाट खिडकीतून दिसणारे दृश्य. बाजूचे अधिक पाहावयाचे असेल तर खिडकी रुंद करावी लागते. मध्यापासून ४५ अंशांवरची वस्तू चित्रात यावी म्हणून खिडकीची एक बाजू जितकी रुंद लागते, तिला आपण एक हात मानू. ८० अंशांवरची वस्तू यावयाची तर तीच बाजू साडेपाच हातांहून अधिक रुंद हवी. ८९ अंशांसाठी सत्तावन्न हात. आणि नेमक्या ९० अंशांसाठी, म्हणजे अगदी कुशीला असलेल्या वस्तूसाठी, खिडकीला अंतच उरणार नाही. सपाट चित्रात अर्धे जग मावत नाही, ते ह्या कारणाने.

मत्स्यनेत्र भिंग निराळा हिशेब मांडते. त्याची पुढली काच घुमटासारखी फुगीर असते आणि कुशीकडून येणारे किरण ती आत वळविते. चित्र गोल उमटते. त्या गोलात अंतर कोनाच्या प्रमाणात ठरते: ३० अंशांवरची वस्तू केंद्रापासून कडेपर्यंतच्या वाटेच्या एक तृतीयांशावर, ४५ अंशांवरची अर्ध्यावर, ९० अंशांवरची कडेवर. हिशेब सोपा, परंतु त्याची किंमत मोजावी लागते. केंद्रातून जाणाऱ्या रेषा सोडल्या तर बाकीच्या सरळ रेषा वाकतात. देवळाचे खांब धनुष्यासारखे होतात, फरशीच्या रांगा फुगतात. पहिल्यानेच असे चित्र पाहणाऱ्याला हसू येते. त्याने ध्यानात ठेवावे की हे वाकणे अंदाधुंद नसते. कोणती रेषा किती वाकली हे नियमाने ठरलेले असल्यामुळे ती पुन्हा सरळ करता येते. भिंग खोटे बोलत नाही. ते निराळ्या भाषेत बोलते, आणि त्या भाषेचे व्याकरण आपल्याला ठाऊक आहे.

तिवईवरील काम

आमच्या तरुण वाचकांपैकी ज्यांच्यापाशी कॅमेरा आहे, अथवा जे लग्नाच्या व सणांच्या छायाचित्रांचा व्यवसाय करितात, त्यांना प्रत्यक्ष रीत सांगितलेली आवडेल.

आठ मिलिमीटरचे गोल चित्र देणारे भिंग एका वेळी अर्धे जग टिपते. मग दोन चित्रे पुरे नाहीत काय? तत्त्वतः पुरे, परंतु दोन्ही चित्रे कडेला कड लागून येतील आणि सांधावयास जागा उरणार नाही. शिवाय गोलाची अगदी बाहेरची कड नेहमीच थोडी पुसट येते. म्हणून चार दिशांची चार चित्रे, दर ९० अंशांनी एक, त्यानंतर एक वरचे आणि एक खालचे, अशी सहा चित्रे घ्यावीत. शेजारच्या चित्रांचा बराच भाग एकमेकांवर येतो आणि सांधा भक्कम बसतो.

सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. वाचकांनी आपला अंगठा हात लांब करून समोर धरावा आणि एकदा उजवा व एकदा डावा डोळा मिटून पाहावे. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. पाहण्याची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूपुढून सरकते. ह्याला शास्त्रात पॅरॅलॅक्स म्हणतात. कॅमेरा फिरविताना भिंगाची जागा थोडी जरी सरकली तरी हेच घडते, आणि मग एका चित्रातला बाक दुसऱ्या चित्रातल्या बाकाशी जुळत नाही. भिंग एक सेंटिमीटर सरकले तर एक मीटरवरची वस्तू अर्ध्या अंशाहून थोडी अधिक हलते, तर दहा मीटरवरची वस्तू त्याच्या दहाव्या हिश्श्याने. उघड्या माळावर ही चूक खपून जाते. देवळात मात्र बाक, खांब व फरशी जवळ असल्यामुळे ती लगेच डोळ्यांत भरते.

उपाय असा की कॅमेरा स्वतःच्या मध्यावर फिरवू नये. भिंगात किरण जेथे एकत्र होऊन आत शिरतात असे दिसते, त्या बिंदूभोवती फिरवावा. त्यासाठी तिवईवर बसविण्याचा खास फिरता आधार मिळतो. त्यात कॅमेरा मागेपुढे सरकविता येतो. बिंदू शोधण्याची रीत सोपी आहे. कॅमेऱ्याजवळ एक बारीक काठी उभी करावी आणि दूरचा एखादा खांब तिच्या बरोबर मागे येईल असे पाहावे. मग कॅमेरा असा फिरवावा की काठी चित्राच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाईल. काठी व खांब अजून एका रेषेत असतील तर बिंदू सापडला. नसतील तर कॅमेरा केसभर मागे वा पुढे घेऊन पुन्हा पाहावे. मत्स्यनेत्र भिंगात हा बिंदू कोनाप्रमाणे किंचित हलतो, म्हणून चित्रे जेथे सांधावयाची त्याच कोनाशी ही पारख करावी. एकदा माप सापडले की ते आधारावर खूण करून ठेवावे. त्या भिंगापुरते ते कायमचे होते.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याला स्वतःच्या मर्जीने काही ठरवू देऊ नये. उजेडाचे माप, रंगाचा मेळ आणि स्पष्टतेचे अंतर ही तिन्ही हाताने ठरवून सहाही चित्रांना एकच ठेवावीत. नाही तर वेदीकडील चित्र उजळ आणि सज्जाकडील काळोखे होऊन सांध्यावर पट्टे दिसू लागतात. आठ मिलिमीटरच्या भिंगात अपर्चर आठवर ठेवून अर्ध्या मीटरवर स्पष्टता साधली तर पाव मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्वच्छ येते; म्हणून ही चिंता एकदाच करावी लागते. देवळाच्या आत खिडक्या लख्ख आणि कोपरे अंधारे असतात. तेथे प्रत्येक दिशेला कमी, मध्यम व अधिक उजेडाची तीन तीन चित्रे घ्यावीत, म्हणजे एकूण अठरा होतात, आणि मागाहून त्यांतला उत्तम भाग एकत्र करावा.

तिसरी गोष्ट, कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि पाणसळीने अगदी समपातळीत असावा. तिवई उंच चढविली की पाहणाऱ्याला आपण हवेत तरंगतो असे वाटते. फार खाली ठेविली की बाकांच्या पाठी वेदीला झाकतात. बाहेर चित्र घ्यावयाचे झाल्यास एक सोय अजिबात नसते, ती म्हणजे सूर्याला पाठीशी घेण्याची. पूर्णवर्तुळ चित्रात सूर्य कोठे तरी असणारच. पातळ ढगांचा दिवस निवडणे बरे. नाही तर हाताने सूर्य झाकून त्या दिशेचे एक जादा चित्र घ्यावे आणि जोडताना हात काढून टाकावा.

खालचे चित्र सर्वांत कटकटीचे, कारण तेथे तिवईचे तीन पाय उभे असतात. तिवई बाजूला करून, भिंग शक्य तितके पूर्वीच्या जागी धरून, जमिनीचे एक चित्र हाताने घ्यावे. आणि छायाचित्रकाराने आपली सावली व आपले जोडे सांभाळावेत; ह्या भिंगापासून लपावयास जागा नसते. कॅमेऱ्याच्या मागे राहून, त्याच्याबरोबर फिरत जाणे हाच एक मार्ग. माणसे दृश्यात असतील तर ती दोन चित्रांच्या सांध्यावर चालत नाहीत हे पाहूनच बटण दाबावे. नाही तर सर्कट कॅमेऱ्यातल्या मुलासारखे कोणी दोनदा येईल, नाही तर अर्धेच येईल.

तुकडे सांधणे

सहा वाटोळी चित्रे हाती आली म्हणजे ती संगणकावर सांधावयाची. जर्मनीतील फुर्टवांगेन येथील प्राध्यापक हेल्मुट डेर्श ह्यांनी १९९८ साली 'पॅनोरमा टूल्स' नावाची संगणकीय साधने तयार करून लोकांना विनामूल्य वापरू दिली. त्यांच्याच पायावर पुढे 'ह्युगिन' हा विनामूल्य कार्यक्रम आणि 'पीटीगुई' हा विकत मिळणारा कार्यक्रम उभा राहिला. काम चालते ते असे. दोन शेजारच्या चित्रांत दिसणारा एकच बिंदू, उदाहरणार्थ खिडकीचा कोपरा किंवा खिळ्याचे डोके, दोन्हीकडे दाखवून द्यावयाचा. असे पुष्कळ बिंदू मिळाले की प्रत्येक चित्र कोणत्या दिशेला वळलेले होते आणि भिंगाने रेषा किती वाकविल्या, हे संगणक गणिताने काढतो व सारी चित्रे एका काल्पनिक गोलाच्या आतल्या अंगावर बसवितो.

तो गोल साठवावयाचा म्हणजे सपाट करणे आले. संत्र्याची साल न फाडता टेबलावर पसरता येत नाही. पृथ्वीचा नकाशा काढणाऱ्यांपुढे हाच पेच होता. इसवी सनाच्या सुमारे १०० व्या वर्षी सोर नगरीच्या मारिनस नावाच्या भूगोलज्ञाने जी युक्ती वापरली, तीच छायाचित्रकार आज वापरतात. रुंदीवर ३६० अंश, उंचीवर १८० अंश, म्हणून चित्राची रुंदी उंचीच्या नेमकी दुप्पट. अशा चित्रात छताचा एकच मध्यबिंदू वरच्या कडेवर पूर्ण रुंदीभर ताणला जातो. हे ताणणे पाहून घाबरू नये. दाखविणारे यंत्र ते पुन्हा गोलावर चढविते तेव्हा सर्व जागच्या जागी येते.

आठ हजार बिंदू रुंद आणि चार हजार बिंदू उंच असे चित्र म्हणजे तीन कोटी वीस लाख बिंदू. हा आकडा मोठा वाटतो. पण ३६० अंशांत वाटून घेतला तर प्रत्येक अंशाला जेमतेम बावीस बिंदू येतात. निरोगी मानवी डोळा एका अंशाचे साठ भाग वेगळे पाहू शकतो. त्या बारकाव्याने सारा गोल भरावयाचा तर तेवीस कोटींहून अधिक बिंदू लागतील. शिळेवरची अक्षरे वाचता यावीत अशी इच्छा असेल तर शिळेचे निराळे, जवळून घेतलेले साधे चित्र अवश्य असावे.

ज्यांना एवढा खटाटोप शक्य नाही त्यांच्यासाठी पाठीला पाठ लावलेल्या दोन मत्स्यनेत्र भिंगांचे छोटे कॅमेरे मिळतात; २०१३ साली रिको कंपनीचा 'थीटा' बाजारात आला, तो ह्याच जातीचा. प्रत्येक भिंग अर्ध्या जगाहून थोडे अधिक पाहते, म्हणून सांधावयास जागा राहते, आणि एका बटणात काम होते. दोन भिंगे एका बिंदूत बसू शकत नसल्यामुळे अगदी जवळच्या वस्तू सांध्यावर तुटतात, आणि बारकावाही कमी येतो. तरी काहीच चित्र नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

दोन देवळांची कथा

ह्या विद्येचे मोल किती, हे २०१९ साली पॅरिसमध्ये दिसून आले. त्या वर्षी पवित्र सप्ताहातील सोमवारी, १५ एप्रिल रोजी, नोत्र दामच्या महामंदिराला आग लागली. ओकच्या लाकडाचे जुने छप्पर जळून गेले, उंच मनोरा कोसळला, दगडी छताचे काही भाग खाली आले. सारे जग हळहळले. परंतु मंदिराची मापे जळाली नव्हती. अमेरिकेतील व्हासर कॉलेजचे कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन ह्यांनी २०१० साली पन्नासांहून अधिक जागांवरून लेझरच्या साह्याने ते मंदिर मोजले होते. शंभर कोटींहून अधिक बिंदू त्यांनी नोंदविले. लेझरने अंतर कळते, रंग व पोत कळत नाही. म्हणून त्याच जागांवरून ते पूर्णवर्तुळ छायाचित्रेही घेत आणि ती त्या बिंदूंवर चढवीत. २०१४ साली दोन वास्तुशिल्पज्ञांनी छपराच्या लाकडांची हाताने मोजणी करून ठेविली होती. अशा नोंदी हाताशी असल्यामुळे पुनर्बांधणी करणाऱ्यांना अंदाजावर विसंबावे लागले नाही. मंदिर २०२४ च्या डिसेंबरच्या ७ तारखेला पुन्हा उघडले आणि दुसऱ्या दिवशी नव्या वेदीचे पवित्रीकरण झाले. टॅलन हे पाहावयास नव्हते. आग लागण्यापूर्वी पाच महिने, २०१८ च्या नोव्हेंबरात, त्यांचे निधन झाले होते. आपल्या कामाचा असा उपयोग होईल हे त्यांना कधीच कळले नाही.

दुसरे देऊळ आपल्या जवळचे, जुन्या गोव्यातील संत अगस्तीनचे. १६०२ साली पुरे झालेले हे भव्य मंदिर मठ बंद पडल्यावर ओस पडले. १८४२ साली त्याचे छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा खाली आला. आज तेथे जांभ्या दगडाच्या मनोऱ्याचे एक उंच अंग तेवढे उभे आहे. छायाचित्रकला जन्मून तीनच वर्षे झाली होती तेव्हा छत पडले. वेदीसमोर उभे राहिले असता चोहोबाजूंना काय दिसत असे, हे आता पायाच्या भिंती, कोरीव दगड व रंगीत फरशांचे अवशेष पाहून ताडावे लागते. एका मंदिराची आठवण नोंदलेली होती आणि एकाची नव्हती. एवढ्या एका गोष्टीने किती अंतर पडले हे वाचकांनी पाहावे.

आपल्या गावासाठी

आपल्या खेड्यांतील देवळांना पॅरिसची कीर्ती नाही. परंतु ज्या गावाचे बाप्तिस्मे, लग्ने आणि अंत्यविधी एका छताखाली झाले, त्या गावाला ते छत पॅरिसच्या छताहून कमी नाही. कुटुंबे वाढतात, जुने देऊळ अपुरे पडते, भिंतींत ओल शिरते, वाळवी तुळया खाते. मग नवे बांधणे ओघाने येते. ह्यात दोष कोणाचा नाही. दोष असेल तर एवढाच, की कौले उतरविण्याच्या आदल्या दिवशी कोणाला चित्र घेण्याची आठवण होत नाही. आणि आठवण झालीच तर दर्शनी भागाचे एक चित्र निघते. सज्जा, प्रवचनपीठ, बाप्तिस्म्याचे कुंड, भिंतीवरची वाडवडिलांनी दिलेली तसबीर, ह्यांतले काहीच त्यात येत नाही. साधा छायाचित्रकार सुंदर तेवढे निवडतो. पूर्णवर्तुळ चित्र निवड करीत नाही. पोपडे उडालेला कोपराही ते प्रामाणिकपणे ठेविते. पन्नास वर्षांनी नातवंडांना कदाचित तोच कोपरा हवासा वाटेल, कारण तेथे त्यांची आजी बसत असे.

म्हणून आमची सूचना अशी. गावातील एखाद्या तरुणाने ही विद्या शिकून घ्यावी आणि देऊळ, शाळा, स्मशानभूमी, विहीर, तसेच मालकांची इच्छा असल्यास जुनी घरे, ह्यांची चित्रे घ्यावीत. देवळात चित्र घ्यावयाचे तर तेथील धर्मगुरूंची अनुमती घ्यावी व उपासना चालू असताना तिवई मांडू नये. कोणाच्या घरात चित्र घेताना विशेष जपावे. हे भिंग घरातील आजारी माणसाचे अंथरूण आणि दोरीवरचे कपडेही पाहते. घरच्या माणसांना आधी सांगावे, चित्र त्यांना दाखवावे, आणि त्यांच्या संमतीवाचून ते कोणाच्याही हाती देऊ नये. प्रत्येक चित्राबरोबर गावाचे नाव, तारीख आणि उत्तर दिशा कोणती ही नोंद लिहून ठेवावी. एक प्रत देवळाच्या दप्तरी, दुसरी निराळ्या ठिकाणी असावी. मूळ सहा चित्रेही टाकून देऊ नयेत. सांधण्याची कला दिवसेंदिवस सुधारत आहे, आणि उद्या कोणी तीच चित्रे आजच्यापेक्षा अधिक सुबक सांधील.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. चित्र घेतले म्हणजे वास्तू पाडावयास मोकळे झालो, असे कोणी समजू नये. चित्रातल्या बाकावर गुडघे टेकता येत नाहीत, चित्रातल्या घंटेचा नाद होत नाही. जे दुरुस्त होऊन टिकण्यासारखे आहे ते आधी टिकवावे; जे टिकणार नाही त्याचे चित्र ठेवावे. दोन्ही कर्तव्ये आहेत आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

शेवटी आणखी एक काम ह्या चित्रांकडून करून घेता येईल, आणि त्याला खर्च काहीच नाही. तयार झालेले चित्र घरातील वृद्धांना दाखवावे आणि ते सावकाश चोहोबाजूंनी फिरवावे. त्यांनी बोट दाखवून सांगावे: हा खांब कोणी दिला, ह्या बाकावर कोण बसे, ह्या भिंतीपलीकडे पूर्वी काय होते. जवळ बसलेल्या मुलाने ते वहीत उतरून घ्यावे. यंत्राने चारी दिशा टिपल्या तरी त्यांचा अर्थ यंत्राला ठाऊक नसतो. तो जुन्या माणसांपाशी आहे, आणि त्यांना विचारण्याची वेळ आजची आहे.